कारण कळल्याशिवाय पाना लावू नका



आपली पूर्णा ओळखली जाते ती रेल्वेमुळे. वाफेच्या इंजिनांच्या काळात इथे लोकोशेड होते. त्यामुळे लोखंड, तेल आणि पाना यांच्याशी आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांचा संबंध जुना आहे. वाफेची इंजिने गेली, मीटरगेजही गेली. आज त्या घरांतली नातवंडे गॅरेजमध्ये कार आणि जीप दुरुस्त करताना दिसतात.

पूर्णेहून निघालेली गाडी ज्या मनमाडला पोहोचते, तिथे १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी तिथे एक कडू सत्य मांडले. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून राबतो. वर्कशॉपमध्ये त्याला मेकॅनिक किंवा मिस्त्री क्वचितच होऊ देतात, आणि फोरमन तर कधीच नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या पगाराचा नव्हता. हुन्नराची जागा कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न होता.

आज गॅरेजचे दार आपल्या मुलासाठी उघडे आहे. पण आत जाऊन तो उस्तादाच्या हाती पाना देणारा पोऱ्याच राहणार, की कामाचे कारण जाणणारा मेकॅनिक होणार? हे समजून घेण्यासाठी एकच काम घेऊ : कारच्या इंजिनातून फ्युएल रेल आणि इंजेक्टर काढणे.

साधारण २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि पेट्रोल कारमधून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर आले. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारी बारीक तोटी. चार सिलिंडरना चार तोट्या. या चौघींना पेट्रोल वाटून देणारी नळी म्हणजे रेल. या नळीत पेट्रोल दाबाखाली असते, बहुतेक कारमध्ये ३ ते ४ बारच्या आसपास. गाडी बंद केली तरी हा दाब लगेच उतरत नाही. या कामातली अर्धी सावधगिरी या एका गोष्टीसाठी आहे.

गाडी मिसिंग मारते, अॅव्हरेज पडला, म्हणून लगेच इंजेक्टरला हात घालू नये. आधी प्लग, कॉइल, एअर फिल्टर तपासावे. दोष इंजेक्टरचाच आहे असे वाटले तरच पुढे जावे.

गाडी मोकळ्या हवेत उभी करा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. जवळ विडी, स्टोव्ह किंवा उघडा बल्ब नको. वाळूची बादली आणि कोरड्या पावडरचे अग्निशामक जवळ हवे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

आता दाब उतरवायचा. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा. रेलमधले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडेल. पुन्हा दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. तरीही नळीचा जोड सोडताना त्यावर कापड गुंडाळा, कारण थोडे पेट्रोल आत राहतेच.

जोड उघडण्याआधी इंजेक्टरभोवतीची धूळ हवेने उडवून टाका. नाहीतर आपल्या मराठवाड्याची बारीक माती सरळ इंजिनात उतरते. वायरचे कपलर काढताना लॉक दाबून कपलर धरावा. वायर ओढू नये. चारही कपलरवर १, २, ३, ४ अशी खूण करा. रेलचे बोल्ट एकदम न सोडता आळीपाळीने थोडे थोडे सोडा आणि रेल दोन्ही हातांनी हलवत सरळ वर उचला. पेचकस घालून उचकटू नका. इंजेक्टर नुसते ओ-रिंगच्या पकडीवर बसलेले असतात, जोर लावला तर रेल वाकते किंवा प्लास्टिक तुटते. खालची उघडी भोके लगेच स्वच्छ कापडाने झाका.

इंजेक्टरच्या तोंडात तार किंवा सुई घालून साफ करणे हा अडाणीपणा आहे. भोक रुंदावले की तो फेकूनच द्यावा लागतो. बॅटरीची तार थेट लावून धरणेही चूक, कारण आतली कॉइल जळते. परत बसवताना ओ-रिंग नव्या घ्या आणि त्यांना इंजिन ऑइलचे एक बोट लावा. जुनी रिंग दिसायला बरी असली तरी कडक झालेली असते. ती गळली तर पेट्रोल गरम इंजिनावर पडते. सगळे जोडून झाले की सेल्फ न मारता दोन-तीनदा नुसती चावी फिरवा, म्हणजे पंप दाब भरेल. प्रत्येक जोड टॉर्चने पाहा. कोरडा असेल तरच इंजिन चालू करा.

हे झाले पेट्रोल गाडीचे. डिझेलची गोष्ट वेगळी आहे, आणि जिवाची आहे.

जुन्या डिझेल जीपमध्ये कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी उस्ताद चालू इंजिनावरच इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करायचा. पोरे ते बघून शिकली. पण २००० नंतरच्या दशकात कॉमन रेलची इंजिने आली. नाशिकला बनणारी स्कॉर्पिओ आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची आहे, तीही त्यात आली. या रेलमध्ये १६०० बार किंवा त्याहूनही जास्त दाब असू शकतो. कारच्या चाकातली हवा साधारण २ बार असते, म्हणजे हा दाब त्याच्या ८०० पट! इथे चालू इंजिनावर नट ढिला केला तर डिझेलची अदृश्य धार कातडी भेदून आत शिरते. गळती शोधायला त्यावर बोट फिरवणेही तितकेच घातक.

अशी जखम सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही. आत मात्र मांस सडू लागते. हळद लावून घरी बसू नका. त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘दाबाचे डिझेल कातडीत गेले आहे.’ उशीर झाला तर बोट, कधी हातही जातो. म्हणून कॉमन रेलला हात लावायचा तो शिक्षण घेऊनच. इंजिन बंद करून कंपनीने सांगितलेला वेळ थांबावे आणि दाब उतरल्याची स्कॅनरवर खात्री करून घ्यावी. शिवाय अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड असतो. नवा बसवला की तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरला द्यावा लागतो.

आई-वडिलांनाही दोन शब्द. मुलगा तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढत असेल तर ते आजच बंद करा. पेट्रोल फुफ्फुसात गेले तर जीव धोक्यात येतो. ते पोटात गेले असेल तर उलटी करवू नका, सरळ दवाखाना गाठा. पेट्रोलने भिजलेले कपडे चुलीजवळ वाळत घालू नका. आणि १४ वर्षांखालील मुलाला गॅरेजात कामाला ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे. त्याची जागा शाळेत आहे. दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेइकलचा २ वर्षांचा, तर डिझेल मेकॅनिकचा १ वर्षाचा अभ्यासक्रम आहे. परभणी आणि नांदेड इथे शासकीय आयटीआय आहेत. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. नाशिकच्या बॉश कारखान्यात तर डिझेलचे इंजेक्टर बनतात. ते बनवणाऱ्या हातांत आपलेही हात असावेत.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते, की परंपरेने चालत आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका. स्वतः पारखून घ्या. गॅरेजमध्ये याचा अर्थ अगदी साधा आहे. उस्तादाचा मान ठेवा, पण प्रत्येक कामाला विचारा, ‘उस्ताद, असे का करायचे?’ उत्तर मिळाले नाही तर पुस्तकात शोधा, शिकलेल्या माणसाला विचारा. आपल्या पिढ्यांना ‘का’ विचारण्याचीच बंदी होती. तो हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. तो विहारात वापरायचा तसा पाना हातात असतानाही वापरायचा.

जयभीम!