गांवचें गाणें आणि नवीं वाद्यें

परभणी जिल्ह्यांत अलीकडे गोंधळाच्या वा भजनाच्या प्रसंगीं संबळ, तुणतुणें व टाळ यांच्या जोडीस विजेवर वाजणारा कीबोर्ड आणि मोठाले ध्वनिक्षेपक येऊं लागले आहेत. वडील मंडळी 'गाणें बाटलें' म्हणून हळहळतात. तरुण मंडळी जुन्या चाली नीरस ठरवून मोकळी होतात. या दोन्ही पक्षांस विचार करावयास लावील असें एक उदाहरण अमेरिकेच्या संगीताच्या इतिहासांत आहे. या खेपेस तेंच वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तिकडील खेडुतांच्या गाण्यास 'कंट्री' म्हणतात. ब्रिटिश बेटांतून गेलेल्या वसाहतकऱ्यांचीं कथागीतें व त्यांचें फिडल, आफ्रिकी गुलामांच्या परंपरेंतून आलेला बँजो आणि चर्चमधील प्रार्थनागीतें यांच्या संगमांतून तें उपजलें. १९२७ सालीं ब्रिस्टल या गांवीं कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांच्या मुद्रिका तयार झाल्या आणि डोंगरांतलें गाणें घरोघर पोहोंचलें. ए. पी. कार्टर गांवोगांव हिंडून गाणीं मिळवीत. सोबतचा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय वादक चाली ध्यानांत ठेवी. त्याचें नांव मात्र दीर्घकाळ अज्ञातच राहिलें.

पुढें विजेच्या गिटारीवरील 'रॉक' संगीत तरुणांत पसरलें. त्याच्याही मुळाशीं कंट्री व कृष्णवर्णीयांचे 'ब्लूज' होते. तथापि पुष्कळ शहरी तरुण कंट्रीस गांवढळ समजूं लागले, आणि कंट्रीचे श्रोते लांब केसांच्या वादकांकडे संशयानें पाहूं लागले. हा दुरावा मोडण्यास जे पुढें सरसावले त्यांत ग्रॅम पार्सन्स हा प्रमुख होय. १९६८ च्या आरंभीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो 'बर्ड्स' या रॉक वादकांच्या संचांत आला. मार्चमध्यें नॅशविल येथील 'ग्रँड ओल ऑप्री' या कंट्री संगीताच्या जणूं देवळांतच त्यांचें गायन झालें. श्रोत्यांचें स्वागत थंड होतें. अशा वेळीं ठरलेलें गाणें बाजूस सारून पार्सन्सनें आपल्या आजीस स्मरून 'हिकरी विंड' हें आपलें गाणें म्हटलें! त्याच वर्षीं निघालेली 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' ही ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाहीं. पार्सन्स १९७३ मध्यें अवघ्या सव्विसाव्या वर्षीं निवर्तला. परंतु बीं रुजलें होतें. १९७१ मध्यें निघालेल्या 'ईगल्स' या संचानें तोच मार्ग धरला, आणि १९७६ सालच्या त्यांच्या एका संग्रहाचा खप पुढें अमेरिकेंत तीन कोटींवर गेला.

यांतील मर्म काय? जुनें गाणें मुखोद्गत असणाऱ्यानें नवें वाद्य हातीं घेतलें, म्हणून तें गाणें जगलें. आपल्याकडील पेटीचेंच पाहा. ती मूळची युरोपची. आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत तिला मज्जाव केला होता. आज तिच्यावांचून कीर्तन रंगत नाहीं. ओवीची गोष्ट याच्या उलट. जनाबाईंचें गंगाखेड याच जिल्ह्यांतलें. त्यांच्या नांवाशीं दळणकांडण जोडलेलें. परंतु पिठाची गिरणी आली, जातें थांबलें आणि त्यासरशी गळाही थांबला. वाद्यानें ओवी बाटली नाहीं; गाणारेंच कोणी उरलें नाहीं.

हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनीं महाराष्ट्रांतील लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हें कार्टरांच्या तोडीचेंच कार्य होय. परंतु तेवढ्यानें घराघरांची जबाबदारी सरत नाहीं. आजीच्या ओव्या, मंगळागौरीचीं गाणीं, कुळाच्या गोंधळांतलीं पदें यांचे शब्द वहींत उतरतील. चाल मात्र कंठांतूनच कंठांत जाते. म्हणून मुलांनीं कीबोर्ड खुशाल वाजवावा. पण अगोदर आजीपाशीं बसून एक तरी ओवी चालीवर शिकावी, आणि गोंधळ्याकडून पद घेतल्यास त्याचें नांव सांगण्यास विसरूं नये. आजी गेल्यावर ती चाल कोणतेंही वाद्य परत आणूं शकणार नाहीं.