काना-मात्रा नंतर बघू

समजा, मराठी शिकायला आलेल्या परदेशी माणसाला कुणी सांगितलं, "आधी नुसती व्यंजनं पाठ करा. काना, मात्रा, वेलांटीचं मागाहून बघू." तो बिचारा काका, काकी आणि केक एकाच दमात सारखेच म्हणेल. असा सल्ला देणाऱ्या शिक्षकाला आपण दारात उभं करणार नाही. पण हाँगकाँगच्या कँटनीज भाषेच्या बाबतीत नेमका हाच सल्ला शहाणपण म्हणून फिरतो: "सुरांची काळजी नको. आधी शब्द येऊ देत, सूर आपोआप बसतील." हाँगकाँगमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसाला तो पहिल्याच आठवड्यात मिळतो. देणारे बहुधा तिथे दहा-बारा वर्षं राहून लिफ्टमधल्या 'चोउ सन्'च्या, म्हणजे 'सुप्रभात'च्या, पुढे गेलेले नसतात. मी तो दीड वर्ष पाळला. ती दीड वर्षं पाण्यात गेली, आणि त्या रागातूनच हे लिहितो आहे.

मुळात प्रकरण काय आहे ते पाहू. 'सी' हे एक अक्षर घ्या. उंच आणि सपाट म्हटलं तर कविता. मधून वर चढवलं तर इतिहास. मधल्या पट्टीत सपाट ठेवलं तर करून पाहणे. खाली ओघळू दिलं तर वेळ. तळातून जरासंच उचललं तर बाजार. खालच्या पट्टीत सपाट धरलं तर काम, बाब. युएन रेन चाओ या भाषाशास्त्रज्ञांनी १९३० मध्ये आवाजाच्या पाच पायऱ्या कल्पून सूर अंकांत मांडायची पद्धत दिली. तिच्यात हे सहा सूर अनुक्रमे ५५, २५, ३३, २१, २३ आणि २२ असे लिहितात. म्हणजे तीन सपाट, दोन चढते, एक उतरता. संपलं.

"सहा कुठले, नऊ!" असं म्हणणारे लगेच भेटतात. हा आकडा घाबरवण्यासाठी फार उपयोगी आहे, आणि स्थानिक लोक तो अभिमानानेही सांगतात. त्याचं मूळ जुन्या चिनी वर्गीकरणात आहे. प्, त्, क् यांवर तुटणाऱ्या अक्षरांची तिथे वेगळी जात मानली जाते. अशा तीन जाती सहात मिळवल्या की नऊ होतात. पण त्या तिघींची उंची पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या सुराचीच असते, फक्त अक्षर आखूड असतं. हाँगकाँगच्या भाषाशास्त्र मंडळाने १९९३ मध्ये 'युतफिंग' ही रोमन लेखनपद्धत ठरवली, तिच्यातही अंक सहाच आहेत. आणि ते आखूड अक्षर आपल्याला परकं नाही. आठ म्हणजे 'पात्', सहा म्हणजे 'लुक्'. पाय मोडलेलं अक्षर तोंडातच अडवायचं, बाहेर सोडायचं नाही, एवढंच.

आता मुख्य पूर्वपक्ष. "संदर्भावरून कळतं हो!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की ते दगडावर कोरून घ्यावं आणि समुद्रात सोडावं. कँटनीजमध्ये विकत घेणं म्हणजे 'माइ' आणि विकणं म्हणजेही 'माइ'. पहिला तळातून किंचित उचललेला, दुसरा तळाशीच सपाट. हे दोन्ही शब्द एकाच बाजारात, एकाच गाळ्यासमोर, एकाच वस्तूबद्दल वापरले जातात. संदर्भाने इथे काय करावं? सूप 'थोङ्', साखरही 'थोङ्', आणि दोन्ही एकाच स्वयंपाकघरात. 'यत्' उंच म्हटला तर एक, खाली म्हटला तर दिवस.

शिवाय संदर्भ तयार कोण करतं? वाक्यातले बाकीचे शब्द. हाँगकाँगचा माणूस एखादा सूर चुकला तरी निभावतो, कारण त्याच्या वाक्यातले इतर नऊ शब्द जागच्या जागी असतात. नवशिक्याचं वाक्यच दोन शब्दांचं, आणि दोन्ही पंगू. ज्याच्याकडे संदर्भ सर्वांत कमी, त्यालाच संदर्भावर विसंबायला सांगणं ही थट्टा आहे. आपल्याकडची त्वष्ट्याची गोष्ट आठवा. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञ मांडला आणि 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला. अर्थ फिरून 'इंद्र ज्याचा मारेकरी' असा झाला, आणि त्याचा पुत्र वृत्र मारला गेला. यज्ञ कशासाठी चालला आहे याचा संदर्भ याहून स्पष्ट असू शकतो का? (वैदिक स्वर आणि कँटनीजचे सूर एकच नव्हेत, हे मान्य. पण ज्यांच्या घरात ही गोष्ट सांगितली जाते त्यांनी तरी संदर्भाचा दाखला देऊ नये.)

दुसरी सबब कानाची. "मी बेसूर, मला कसं जमणार?" आणि तिचीच उलटी बाजू, "मी गाणं शिकलोय, मला सोपं." दोन्ही चूक. एखादा गायक काळी एकमध्ये गातो, एखादी गायिका पांढरी पाचमध्ये, आणि दोघांचा षड्ज आपापल्या जागी बरोबर असतो. तसंच इथेही उंच-मध्य-खालचं हे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजापुरतं असतं. इथवर गाण्याची उपमा चालते. पुढे ती अडवते. बोलताना वाक्याच्या शेवटाकडे सगळीच पट्टी हळूहळू खाली सरकते, त्यामुळे शेवटचा 'उंच' सूर पुष्कळदा सुरुवातीच्या 'मध्य' सुराशेजारी येऊन बसतो. हार्मोनियमच्या पट्ट्या तशा सरकत नाहीत. आमच्या वर्गात एक उत्तम गाणाऱ्या बाई होत्या. सुटा शब्द त्या हुबेहूब म्हणायच्या आणि वाक्य आलं की अस्सल पुणेरी हेल लागायचा. बेसूर म्हणाल, तर लाखो बेसूर माणसं ही भाषा जन्मभर बोलतात. कराओके बारमध्ये त्याची खात्री करून घेता येते.

गाण्यावरून आणखी एक युक्तिवाद निघतो: "गाण्यात शब्दांचे सूर चालीत बुडतातच, तरी लोकांना कळतंच ना?" मँडरिन गाण्यांपुरतं हे बरंचसं खरं आहे. कँटनीजमध्ये गीतकाराचं अर्धं आयुष्य नेमकं हे टाळण्यात जातं. चाल बहुधा आधी तयार असते, आणि शब्दांचे सूर तिच्या चढउताराला जुळतील असेच निवडावे लागतात. त्यासाठीची एक युक्ती मला फार आवडते. चालीखाली अर्थाऐवजी ०, २, ४, ३ हे आकडे लिहायचे. कारण 'लिङ्, यी, सेइ, साम्' हे त्यांचे उच्चार तळापासून वर अशी शिडीच आहेत. आधी आकड्यांत गाणं लिहायचं, मग त्या उंचीचे शब्द शोधायचे. गीतकार जेम्स वाँग यांच्या शब्दांचं १९७९ चं 'सिंहशिळेच्या पायथ्याशी' हे गाणं लोकांना आजही शब्दाशब्दासह कळतं, ते या शिस्तीमुळे. जिथे ती पाळली गेली नाही, अशा जुन्या भाषांतरित ख्रिस्ती भजनांची गंमत हाँगकाँगचे लोक स्वतःच सांगतात. चालीने 'प्रभू' उंच आणि सपाट झाला, की ऐकू येतं 'डुक्कर'.

एक आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही. सुरांच्या धास्तीने माणूस तोंडच उघडत नाही, हे खरं आहे. हाँगकाँगचे तरुण स्वतः काही सूर एकमेकांत मिसळू लागले आहेत, हेही खरं. दोन चढते सूर काहींच्या तोंडी एकच होतात, मधला आणि खालचा सपाटही. पण त्यांच्या सहाचे पाच किंवा चार होतात. आपल्या सहाचा एकच होतो. आणि धास्तीवर उपाय सूर सोडणं हा नसून शब्द कमी करणं हा आहे. महिन्याला तीनशे सूरहीन शब्दांपेक्षा सुरासह तीस.

मराठी माणसासाठी यात एक खास सापळा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आपली लिपी या भाषेला विलक्षण जुळते. इंग्रज विद्यार्थी 'प' आणि 'फ'मधला श्वासाचा फरक महिनोन्महिने घोकतो, आपल्याला तो बालवाडीतच आलेला असतो. 'चाक', 'चूक'मधला दंत्य च तिथे सर्रास भेटतो. कोंबडी 'कइ' आणि रस्ता 'काइ' हा अ-आचा भेद आपल्याला ऐकताक्षणी कळतो. आणि आपल्या मुळाक्षरांत पिढ्यान्पिढ्या नुसता शोभेला बसलेला 'ङ' तिथे चक्क नोकरीला आहे. पाच म्हणजे नुसतं 'ङ्'. त्यामुळे वहीत देवनागरीत शब्द उतरला की पूर्ण उतरल्यासारखा वाटतो. माझी दीड वर्षं इथेच गेली. वही सुंदर होती. तिच्यात 'माइ' दोनदा होता, आणि पुढे कंसात मराठी अर्थ.

दुसरी खोड तोंडातली. आपण 'का' न लावता, नुसता शेवट उंचावून प्रश्न विचारतो: "येतोस?" कँटनीज गाळेवाल्याला मी याच थाटात "विकता?" विचारायचो. सपाट सुराचं शेपूट वर जायचं आणि त्याला ऐकू यायचं, "विकत घेता?" तो मान हलवून नाही म्हणायचा. ठेल्यावर माल रचून ठेवलेला, आणि विकायला तयार नाही! माणूस तऱ्हेवाईक आहे, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

म्हणून माझं म्हणणं असं. शब्द वहीत लिहिताना सुराचा अंक अक्षराला चिकटूनच लिहावा, वेलांटीसारखा. अंक आठवत नसेल तर शब्द येत नाही असंच धरावं. सहा सूर वेगळे घोकण्याऐवजी आकडे घोकावेत. ३, ९, ४, ०, ५, २ हे ओळीने म्हटले की पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळे सूर येतात, आणि पुढे ७, ८, ६ म्हटलं की ती तीन आखूड अक्षरंही. बसचे नंबर, लिफ्टचे मजले, भाजीचे भाव, दिवसभर सराव फुकट. आणि प्रश्न विचारायला आवाज चढवू नये. त्या भाषेत आपल्या 'का', 'ना', 'की' यांसारखे वाक्याच्या शेवटी येणारे मुबलक शब्द आहेत, प्रश्नाचा भार त्यांच्यावर टाकावा.

परवा वान चाईच्या मंडईत मी 'पुन् कन् छोइ सम्' मागितली, म्हणजे अर्धा कॅटी, साधारण तीनशे ग्रॅम, कोवळी पालेभाजी. चारही अक्षरं सपाट सुरांची, मध्य-उंच, मध्य-उंच. बाईंनी मान वर न करता भाजी तोलली आणि भाव सांगितला. इंग्रजीत नाही, कॅल्क्युलेटर पुढे करूनही नाही. तो भाव मला कळला नाही, आणि मी सरळ शंभराची नोट पुढे केली.