समुद्रमंथनाचे भागीदार

मराठी मध्यमवर्ग पैशाच्या बाबतींत भित्रा आहे, हा आरोप आतां इतका जुना झाला आहे कीं तो करणाऱ्यास पुराव्याची गरजहि वाटत नाहीं. अलीकडे त्याला नवें रूप आलें आहे. सोनें, घर आणि मुदतीची ठेव यांपलीकडे ज्यांची दृष्टि जात नाहीं त्यांनीं जरा सागराकडे पाहावें, असा उपदेश होऊं लागला आहे. सागराच्या तळाशीं निकेल व कोबाल्ट आहे, लाटांत वीज आहे. या संपत्तीवर हात टाकणाऱ्या लहान लहान कंपन्यांचे भाग आज स्वस्त आहेत तोंच घेऊन ठेवावे, नातवंडें दुवा देतील! आमचें मत याच्या अगदीं उलट आहे, आणि तें भीतीपोटीं बनलेलें नाहीं. सागरांत संपत्ति आहे हें आम्हांस मान्यच आहे. परंतु या कंपन्या जी वस्तु विकतात ती निकेल नव्हे आणि वीजहि नव्हे. त्या आपले भाग विकतात, आणि त्यांचें खरें गिऱ्हाईक म्हणजे आपण.

ही विद्या नवी नाहीं. १८९७ च्या सुमारास अमेरिकेंतील मेन संस्थानांत, ल्यूबेक या किनाऱ्यावरील गांवीं, प्रेस्कॉट जर्नेगन नांवाच्या एका धर्मोपदेशकानें समुद्राच्या पाण्यांतून सोनें काढण्याची कंपनी काढली. समुद्रजलांत सोन्याचा सूक्ष्म अंश असतो हें रसायनशास्त्र्यांस ठाऊक होतें, म्हणून गोष्ट पटण्यासारखी होती. रात्रीं एक पेटी पाण्यांत सोडावी आणि सकाळीं तींत सोनें सांपडावें! जर्नेगनचा साथीदार पाणबुड्या होता व तोच खालीं जाऊन सोनें ठेवीत असे, हें उघडकीस येईपर्यंत लोकांचे लाखों डॉलर गोळा झाले होते. १८९८ सालीं ही जोडी देशांतून नाहींशी झाली.

पण ठकाची कथा सांगून विषय संपवणें हें आम्हांसहि अन्यायाचें वाटतें. प्रामाणिक माणसाची कथा घ्या. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर लादलेली खंडणी फेडतां यावी म्हणून फ्रिट्झ हाबर या नोबेल पारितोषिक मिळविलेल्या रसायनशास्त्र्यानें याच सोन्याचा ध्यास घेतला. जहाजावर प्रयोगशाळा थाटून त्यानें दूरदूरचें पाणी तपासलें. वर्षांमागून वर्षें घालविल्यावर त्याचा निष्कर्ष निघाला तो असा कीं, सोनें पूर्वीच्या अंदाजांहून फारच कमी आहे आणि तें काढण्याचा खर्चहि सुटणार नाहीं. हाबरला हें सांगतां आलें, कारण उद्यां सकाळीं त्याला कोणास भाग विकावयाचे नव्हते.

लहान कंपनीची गोष्ट वेगळी. तिला उत्पन्न नसतें, पण जहाजाचें भाडें, इंजिनिअरांचे पगार आणि चालकांचें मानधन हीं दर महिन्यास उभीं असतात. तीं भागविण्यासाठीं ती पुनःपुन्हा नवे भाग काढते; प्रत्येक खेपेस जुन्या भागधारकाचा वांटा आंखडतो. अशा कंपनीनें ‘नाहीं’ म्हटलें कीं ती त्याच दिवशीं मेली. म्हणून ती सदैव ‘लवकरच’ म्हणत असते. शेतांतलें पीक खोटें असेल तर बांधावर उभें राहून दिसतें. दीड कोस खोल पाण्याखालीं कोणता भागधारक जाऊन पाहणार?

नॉटिलस मिनरल्स ही ठकांची टोळी नव्हती. १९९७ सालीं तिला पापुआ न्यू गिनीच्या बिस्मार्क समुद्रांत शोधाचा परवाना मिळाला आणि २०११ मध्यें उत्खननाचा. सुमारें १६०० मीटर खोलीवरील तांबें व सोनें काढण्यासाठीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें तीन अजस्र यंत्रें तयार झालीं. त्या गरीब देशाच्या सरकारनें १५ टक्के हिस्सा घेऊन सुमारें १२ कोटी डॉलर ओतले. किनाऱ्यावरचे कोळी विरोध करीत होते, त्यांचें कोणीं ऐकलें नाहीं. २०१९ सालीं कंपनी बुडाली. व्यापारासाठीं टोपलीभर खनिजहि वर आलें नव्हतें. लाटांची कथाहि अशीच. स्कॉटलंडांतील पेलामिस कंपनीचीं यंत्रें २००८ सालीं पोर्तुगालच्या किनाऱ्यापुढें खरोखर वीज देत होतीं. कांहीं महिन्यांतच तीं बंदरांत परत आणावीं लागलीं, आणि २०१४ मध्यें पैसा संपून कंपनी मिटली.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो टाळणें बरें नव्हे. द मेटल्स कंपनी २०२१ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या बाजारांत आली ती भागास सुमारें १० डॉलर या भावानें. पुढील वर्ष संपण्यापूर्वी तो भाव एका डॉलरच्या खालीं आला. त्या पडत्या काळांत ज्यांनीं धीर धरून भाग घेतले, त्यांचे पैसे २०२५ सालीं कित्येक पट झाले. खरें आहे. परंतु ते कशानें झाले? पॅसिफिकच्या तळाचे धातु विकून नव्हे; व्यापारी उत्खननाला तोंवर प्रारंभहि झाला नव्हता. एप्रिलमध्यें अमेरिकेच्या अध्यक्षांनीं एका हुकुमावर सही केली, हें त्याचें मोठें कारण. १९८२ च्या समुद्रविषयक कायद्यानें जो तळ मानवजातीचा सामायिक वारसा ठरविला आहे, आणि ज्या कायद्यांत अमेरिका कधींच सामील झाली नाहीं, त्याचा तुकडा आपल्याच कायद्यानें वांटण्याचा हा हुकूम होता. एका सहीनें चढलेला भाव दुसऱ्या सहीनें उतरतो. जुगारांत जिंकलेल्या माणसाचा हेवा वाटतो. पण त्याला आम्ही द्रष्टा म्हणणार नाहीं.

मग सागराकडे पाठ फिरवावी काय? मुळींच नाहीं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजानें १९८१ च्या जानेवारींत समुद्राच्या तळांतून धातूचे गोटे वर काढले. १९८७ सालीं हिंदी महासागराच्या मध्यभागीं दीड लाख चौरस किलोमीटरचें क्षेत्र हिंदुस्थानच्या नांवें नोंदलें गेलें. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेंत आपला देश त्या वेळीं ‘आद्य गुंतवणूकदार’ ठरला. २०२१ मध्यें खोल समुद्राच्या मोहिमेसाठीं सरकारनें ४०७७ कोटि रुपये मंजूर केले. त्या पहिल्या गोट्यांना चार तपें होत आलीं. इतक्या काळांत त्यांच्या जोरावर कोणत्याहि घरीं लाभांश आला नाहीं, हें खरें. पण कोणा विधवेची ठेव किंवा कोणा मुलाच्या शिक्षणाचे पैसे त्यांच्याबरोबर बुडालेहि नाहींत.