विश्लेषण : तापमान वाढत असताना 'शाब्ली' वाइनच्या बागांना थंडीची भीती का?

एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील शाब्लीच्या द्राक्षबागांत रात्रभर मेणबत्त्या जळत होत्या. दिसायला दिवाळी, पण धडपड होती ती वेलींना नुकतीच आलेली कोवळी फूट वाचवण्याची. फ्रान्सचे तत्कालीन कृषिमंत्री ज्युलियाँ दनॉर्मांदी यांनी थंडीच्या त्या कडाक्याला एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीची बहुधा सर्वांत मोठी शेती-आपत्ती म्हटले. सरकारने १ अब्ज युरोंची मदत जाहीर केली. २०२४ मध्ये शाब्लीला मे महिन्यात गारपिटीने झोडपले आणि नंतरच्या पावसाने बागांत डाऊनी पसरला. वर्षानुवर्षे तळघरात मुरवता येणाऱ्या या पांढऱ्या वाइनचे पुढे काय, हा प्रश्न त्यामुळे गंभीर झाला आहे.

शाब्ली इतकी टिकते कशी?

पॅरिसपासून सुमारे १८० किलोमीटरवर, बर्गंडी प्रांताच्या उत्तर टोकाला शाब्ली आहे. तिथल्या वाइनला शाब्ली हे नाव लावायचे तर ती फक्त शार्दोने द्राक्षाची असावी लागते. जमीन चुनखडीची, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी हा समुद्रतळ होता आणि मातीत आजही शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. या मातीचे गोडवे वाइनच्या जाहिरातींत भरपूर गायले जातात. टिकाऊपणाचे खरे श्रेय मात्र थंड हवेला जास्त द्यायला हवे.

द्राक्ष पिकते तशी साखर वाढते आणि आंबटपणा, विशेषतः मॅलिक आम्ल, कमी होतो. थंड हवेत हे सावकाश घडते आणि मणी पिकूनही आम्ल शिल्लक राहते. साखरेचे जवळजवळ पूर्ण अल्कोहोल होते, म्हणून वाइन कोरडी, म्हणजे गोड नसलेली. आम्ल भरपूर असले की जिवाणूंची वाढ रोखली जाते आणि वाइन जपण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइडही अधिक परिणामकारक ठरतो. साधी 'पेती शाब्ली' दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायची असते. 'ग्राँ क्र्यू' दर्जाची मात्र दहा-पंधरा वर्षे सहज मुरते. लिंबू, हिरव्या सफरचंदाची चव जाऊन मध आणि सुक्यामेव्याची छटा येते. हा दर्जा आहे फक्त ७ उतारांना, जेमतेम १०० हेक्टरला. शाब्लीचे एकूण क्षेत्र ५ हजार हेक्टरहून अधिक आहे.

ऊब वाढली, तर थंडी का मारते?

हिवाळ्यात वेल सुप्तावस्थेत असते आणि तेव्हाची थंडी ती सोसते. पण मार्चमध्येच ऊन तापले की डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलमधल्या एखाद्या गोठवणाऱ्या रात्री ती फूट करपते. २०२१ मध्ये नेमके हेच झाले. 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने काढलेल्या निष्कर्षानुसार, फूट आल्यावर असा कडाका पडण्याची शक्यता हवामान बदलामुळे सुमारे ६० टक्क्यांनी वाढली आहे.

निफाडचा पारा घसरला की बागांत शेकोट्या पेटतात, पाणी सोडले जाते. शाब्लीतही तेच करतात, फक्त पाणी तुषारांनी फुटव्यांवरच उडवतात. पाणी गोठताना उष्णता सोडते आणि बर्फाच्या कवचाखाली फूट शून्य अंशाच्या आसपास सुरक्षित राहते. ऐकायला विचित्र वाटते, पण उपाय पक्का आहे. अडचण खर्चाची आणि पाण्याची. प्रत्येक बागेला तो परवडत नाही.

आंबटपणाचे काय?

बर्गंडीतीलच बोन शहराच्या द्राक्षकाढणीच्या तारखा १३५४ पासून उपलब्ध आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९८८ पासून काढणी सरासरी १३ दिवसांनी अलीकडे आली आहे. २००३ आणि २०२० मध्ये तर बर्गंडीत ऑगस्टमध्येच कात्र्या बाहेर निघाल्या. यात शेतकऱ्यांचे नुकसानच झाले असे नाही. पूर्वी अनेक वर्षी द्राक्ष नीट पिकतच नसे आणि रसात साखर घालावी लागे; ती वेळ आता क्वचित येते. मात्र अतिउष्ण वर्षांची वाइन भरदार, लगेच आवडणारी होते, तिच्यातला आंबट कणा मऊ पडतो. ती पंधरा वर्षे टिकेल का, याची खात्री देणे अवघड जाते.

सगळा दोष हवेवर ढकलणेही बरोबर नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या अनेक महागड्या पांढऱ्या बर्गंडी वाइन अकाली तपकिरी, बेचव झाल्या. त्यात बुचांवर, कमी वापरलेल्या सल्फरवर आणि रस काढण्याच्या पद्धतीवर संशय आहे. त्यानंतर काही उत्पादकांनी बुचेच बदलली.

शेतकऱ्यांच्या हाती काय?

डोळे उशिरा फुटावेत म्हणून छाटणी शक्य तितकी लांबवणे, आम्ल टिकवण्यासाठी काढणी लवकर करणे, घडांवर पानांची सावली राखणे. पण लवकर तोडले तर चव कच्ची राहते, थांबले तर आम्ल उतरते; काढणीचा दिवस ठरवणे हाच आता मोठा जुगार झाला आहे. उष्णता सोसणारे दुसरे वाण लावण्याची वाट तर बंदच आहे. शेजारच्या शेतात दुसरे द्राक्ष लावता येईल, पण त्या वाइनच्या बाटलीवर 'शाब्ली' लिहिता येणार नाही.