घरच्या शाळेला शेजार हवा

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे आणि त्यासाठी समविचारी पाच-दहा कुटुंबांनी एकत्र यावे, हा विचार पुण्या-मुंबईस आता नवा राहिलेला नाही. तापीच्या खोऱ्यातील लहान गावांपर्यंतही तो येऊन पोहोचला आहे. नरडाणा हे शिंदखेडे तालुक्यातील गाव वाचकांपैकी कित्येकांना सुरत-भुसावळ लोहमार्गावरील एक स्थानक म्हणून, अथवा मुंबई-आग्रा रस्त्यावर धुळे व शिरपूर यांच्या दरम्यान लागणारे ठिकाण म्हणून ठाऊक असेल. औद्योगिक वसाहतीच्या निमित्ताने बाहेरगावची काही शिकलेली कुटुंबे त्या बाजूस वस्तीला आली आहेत. अशाच काही पालकांनी आपल्या सामाईक घरशाळेसाठी आखलेले कलावर्गांचे एक टाचण आमच्याकडे अभिप्रायार्थ आले. टाचण नीटनेटके आहे आणि हेतूही निर्मळ आहे. तथापि त्यावरचा आमचा अभिप्राय खाजगी पत्रात संपण्याजोगा नाही. कारण प्रश्न एका गावाचा नाही, आपल्या सर्व सुशिक्षित वर्गाचा आहे.

टाचणात काय आहे? सोमवारी कागदकाम, बुधवारी चित्रकला, शुक्रवारी पाश्चात्य नृत्य, शनिवारी संगणकावर चलच्चित्रे. साहित्य तयार पेट्यांतून बाहेरून मागवावयाचे; शिक्षिका शहरात बसून पडद्यावरून शिकविणार; जेथे पडदा पुरा पडणार नाही तेथे आयांनी पाळीपाळीने उभे राहावयाचे. या टाचणावरील ‘नरडाणा’ हा शब्द खोडून तेथे नागपूर, नैरोबी किंवा न्यू जर्सी लिहिले, तरी खालची एकही ओळ बदलावी लागणार नाही. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. ज्या योजनेला आपल्या गावाचे नावही लागत नाही, ती योजना त्या गावातल्या मुलांच्या कल्पनाशक्तीला काय जागवणार?

शाळेवर या पालकांचा रोष का आहे, हे आम्ही जाणतो. शाळा सर्वांना एकाच मापाचा अंगरखा घालते, मुलाला भोवतालच्या जीवनापासून तोडते, त्याच्या हातांना काम देत नाही, अशी त्यांची तक्रार असते. आणि महाविद्यालयात इतकी वर्षे इंग्रजी वाङ्मय शिकवून आम्हांसही ती पुष्कळ अंशी खरी वाटते. पण मग घरच्या शाळेत त्यांनी केले काय? शाळेचेच वेळापत्रक घरी आणले, त्यातले गणित काढले आणि त्या चौकटीत कागदकाम बसविले! घंटा तीच, माप तेच, आणि जीवनाशी फारकतही तीच. फरक इतकाच की, शाळेत निदान शेजारच्या बाकावर गावातले दुसरे मूल असते. येथे तेही नाही.

या शेवटच्या मुद्द्यावर आमचा विशेष भर आहे. २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते न करणाऱ्या पालकास त्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, आणि पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या द्वारे मुलास परीक्षा देता येते. तेव्हा घरशाळेचा मार्ग बंद आहे असे नव्हे. परंतु कायद्याने नुसती ‘शाळा’ म्हटले नाही, ‘शेजारची शाळा’ म्हटले, याचा अर्थ ध्यानी घ्यावा. समाजाला मुलाकडून केवळ अक्षरओळख नको आहे, त्याला शेजारही हवा आहे. शाळा टाकणाऱ्याने शाळेचे दोष टाकावे. शेजार टाकण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आणि कलावर्ग हेच या परीक्षेचे खरे स्थळ आहे. गणित चार भिंतींत शिकता येईल. पण हातांची विद्या आपल्या दिवाणखान्यात नसते. ती कुंभाराच्या अंगणात, सुताराच्या पडवीत, बुरडाच्या ओसरीत आणि गोधडी शिवणाऱ्या म्हातारीच्या मांडीवर असते. स्पष्ट बोलावयाचे तर, ज्यांच्या ओट्यावर आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या टेकली नाहीत, त्यांच्यापाशी ती आहे. म्हणूनच आपण तयार पेट्या मागवितो. पेटी मागविली म्हणजे कोणाच्या दारी जावे लागत नाही!

पोळ्याचेच उदाहरण घ्या. खानदेशात पोळ्याला मातीचे बैल घरोघर पूजिले जातात. पेटीतला रंगीत लगदा मुलाच्या बोटांपुढे मुकाट्याने वाकतो आणि त्याला काही शिकवीत नाही. कुंभाराची माती तशी नाही. ती नीट चाळली नाही, पुरती मळली नाही किंवा घाईने उन्हात वाळविली, तर बैलाच्या पाठीला तडा जातो. त्या तड्यापुढे आईची शाबासकी चालत नाही आणि बापाचा पगारही चालत नाही. मुलाने पुन्हा माती मळली पाहिजे. शिवाय तो बैल उद्या पाटावर बसणार आहे, त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवावयाचा आहे. म्हणजे काम वेळेवर आणि नीट व्हावयास कारण आहे. वस्तूचा विरोध, वस्तूची गरज आणि वस्तू जाणणारा माणूस, या तिन्हींवाचून जी होते ती करमणूक. तिला सर्जन म्हणू नये.

आमचे हे म्हणणे हवेतले नाही. नरडाण्याहून त्याच लोहमार्गाने थोडे पूर्वेस गेले की अमळनेर लागते. तेथील प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. कागद, दौत आणि मुलांसाठी रोज लिहिणारा एक माणूस, एवढ्या भांडवलावर तो उद्योग झाला. दुसरे उदाहरण ताराबाई मोडकांचे. गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा १९४५ साली बोर्डीस काम सुरू झाल्यावर शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने घडविण्यात आली. आणि गरिबांची मुले बालवाडीकडे येईनात, तेव्हा ताराबाई व अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ज्यांना घरशाळेचा अभिमान आहे त्यांनी हे नीट पाहावे: शाळेच्या चौकटीबाहेर पाऊल टाकणाऱ्या या स्त्रिया शेजाराकडे गेल्या, त्याच्यापासून दूर गेल्या नाहीत.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की, गावातला कारागीर शिक्षणशास्त्र शिकलेला नसतो. खरे आहे, पण शिक्षणशास्त्र शिकलेले आपण सारे असताना मुलांचे हात रिकामे का राहिले, याचे उत्तर प्रथम द्यावे. कारागिराने काम करून दाखवावे. वर्ग सांभाळणे, प्रश्न विचारणे, टिपणे ठेवणे हे पालकांनी करावे.

दुसरा आक्षेप भाषेचा. हे लोक अहिराणी बोलतात. मुलांची शुद्ध मराठी बिघडेल! सुशिक्षित घरांत हे वाक्य ऐकले की आम्हांस खेद होतो. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्यांच्या मुखातून निघालेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव आदींनी टिपून ठेवली म्हणून वाचली. बहिणाबाई १९५१ साली निवर्तल्या आणि १९५२ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्या बोलीने मराठी बिघडली की श्रीमंत झाली? बर्न्सची स्कॉच बोलीतली कविता आम्ही पाठ करावी, आणि दाराशी आलेल्या अहिराणीला मात्र उंबरठ्यावर थांबवावे, हा कोणता न्याय?

तिसरा आक्षेप असा की, अशाने मुले जगाच्या मागे पडतील. आम्ही संगणकाचे वैरी नाही. परंतु ज्याने आजीची आखाजीची गाणी उतरून घेतली, त्यांतला न कळलेला शब्द तिला विचारला आणि त्याचा अर्थ लावला, त्याने ऐकणे, लिहिणे, पडताळणे ही कामे केली. हीच पुंजी घेऊन तो उद्या कोणत्याही यंत्रापुढे बसेल.

केवळ मोडतोड करणे आमच्या मनात नाही, म्हणून योजनाही सांगतो. आठवड्याला चार विषय नकोत. वर्षाला तीन पुरेत. श्रावणात पोळ्याच्या आधी माती. भाद्रपद-आश्विनात मुली भुलाबाई मांडतात, तेव्हा गाणी, ताल आणि ती उतरून घेणे. यात मुलगेही असावेत. थंडीत गोधडी: तीत भूमितीही आहे आणि घरच्या जुन्या लुगड्यांचा इतिहासही आहे. प्रत्येक विषयाला एकच माणूस, सलग आठ-दहा आठवडे. आणि त्याला मजुरी ठरवून, वेळच्या वेळी द्यावी. ‘आमच्या मुलांना शिकविण्याचा मान’ हे कोणाचे वेतन नव्हे. लेखनाचा वर्ग हवा असेल तर मुलांना एकदा धुळ्यास न्यावे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी आयुष्य वेचून जमविलेली रामदासी हस्तलिखिते तेथे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. आणि अक्षर कसे काढावे, कागद व लेखणी कशी असावी, यावर समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात एक सबंध समास लिहिला आहे. आणि ही सारी पाळी एकट्या आयांवर टाकू नये. सहकार म्हणावयाचे आणि राबावयाचे एकीने, हे आता पुरे झाले. बापांची नावेही त्या तक्त्यात असली पाहिजेत.

सर्वांत शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. वर्गातल्या निम्म्या जागा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणाऱ्या गावच्या मुलांसाठी, विनामूल्य, राखून ठेवाव्या. आणि त्यासाठी वर्ग शाळा सुटल्यावर भरवावा. हा परोपकार नव्हे. मातीत हात घालणाऱ्या त्या मुलांना जे येते ते आपल्या मुलांना येत नाही, आणि ते त्यांच्याजवळ बसूनच शिकता येईल.

आपली मुले शाळेतून काढणाऱ्या पालकांना आम्ही भित्रे म्हणत नाही. रूढ वाट सोडण्यास धैर्य लागते. पण ते धैर्य अर्ध्यावर थांबले, तर शिक्षणाच्या नावाखाली आपण आपल्यासारख्यांचीच एक वाडी बांधू, तिला रंगीत कागदाच्या पताका लावू आणि आतल्या मुलांना सांगू की तुम्ही मुक्त आहात. भिंत शाळेची असो की घराची, मुलाला बाहेर नेणारे दार तिच्यात आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. नरडाण्याच्या पालकांनी आपले टाचण पुन्हा लिहावे. आणि लिहिण्यापूर्वी एकवार कुंभाराच्या अंगणात जाऊन बसावे.