विरोधात राहून काय मिळतं? हिंदळ्याच्या नानासाहेबांकडे बघा

"विरोधात रवान काय गावतला?"

मालवण, देवगड, कणकवली, कुठेही जा, हे वाक्य ऐकू येतं. पक्ष बदललेला सरपंच म्हणतो, गावच्या विकासासाठी गेलो. नगरसेवक म्हणतो, निधी मिळत नव्हता. आणि आम्ही पत्रकार? आलेली प्रेसनोट जशीच्या तशी लावतो, वर "अमुक पक्षाला खिंडार" असं हेडिंग देतो. मी पण दिलंय. एकदा नाही, अनेकदा.

म्हणून आज आपल्याच मातीतल्या एका माणसाबद्दल लिहितोय.

मालवणातून आचऱ्यामार्गे देवगडकडे निघालं की वाटेत हिंदळे लागतं. १५ जून १९०७ ला या गावात नारायण गणेश गोरे यांचा जन्म झाला. नानासाहेब गोरे. आपला सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हताच, तो झाला १९८१ ला. हा हिंदळ्याचा माणूस १९७७ ते १९७९ या काळात लंडनमध्ये भारताचा हायकमिशनर होता. राष्ट्रकुलातल्या देशांत राजदूताला हायकमिशनर म्हणतात. इंग्रजांच्या राजधानीत भारताचा शब्द बोलायचा अधिकार आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाकडे होता. आपल्या शाळेतल्या किती पोरांना हे माहीत आहे?

आता या माणसाची तोवरची कमाई बघा. सत्तेतल्या कुणाच्या मागे फिरून त्यांनी हे पद मिळवलं नव्हतं. इंग्रजांविरुद्ध तुरुंग भोगला, 'कारागृहाच्या भिंती' हे पुस्तक त्यातूनच आलं. स्वातंत्र्यानंतर सत्तेच्या पंगतीत बसायची सोय होती, तरी ते समाजवादी म्हणून विरोधात राहिले. १८ मे १९५५ ला सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन ते गोव्यात घुसले. पोर्तुगीजांनी पकडून लांबलचक शिक्षा ठोठावली. तीनच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, आपल्या बांद्याला लागून असलेल्या पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दिल्लीचं सैन्य गोव्यात शिरलं ते १९६१ च्या डिसेंबरात. त्याआधी सहा वर्षं ही माणसं रिकाम्या हातांनी गेली होती.

१९५७ मध्ये नानासाहेब सुटले आणि त्याच वर्षी पुण्यात काकासाहेब गाडगीळांसारख्या दिग्गजाला हरवून लोकसभेत गेले. पुढे पुण्याचे महापौर झाले, राज्यसभेत गेले. १९७५ ला आणीबाणी आली तेव्हाही ते विरोधातच उभे होते.

लंडनमध्ये तेव्हा हायकमिशनर होते बी. के. नेहरू. हुशार, अनुभवी, आयसीएस अधिकारी. पण आणीबाणी कशी योग्य आहे, हे जगाला पटवायचं काम त्यांनी तिथे बसून केलं. १९७७ ला लोकांनी ते सरकार घालवलं आणि त्याच खुर्चीत नानासाहेब बसले. आणीबाणीचं समर्थन जिथून झालं, तिथेच आणीबाणीचा विरोधक देशाचा प्रतिनिधी म्हणून गेला.

कुणी म्हणेल, ही पण राजकीय नेमणूकच की. हो, होती. जनता सरकारनेच त्यांना पाठवलं. पण सत्ता त्यांच्या बाजूने आली होती, ते सत्तेच्या बाजूला गेले नव्हते. फरक एवढाच, आणि तोच सगळा आहे. ते पदही शोभेचं नव्हतं. १९७९ च्या सुरुवातीला हीथ्रो विमानतळावर भारतीय स्त्रीची कौमार्य तपासणी केल्याचं उघड झालं आणि भारताला निषेध नोंदवावा लागला. त्याच एप्रिलमध्ये साउथॉलला वंशवाद्यांविरुद्ध मोठं आंदोलन पेटलं. तिथल्या आपल्या माणसांसाठी तो काळ सोपा नव्हता.

आता आपल्याकडे या. हा पट्टा १९५७ पासून बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांना निवडून देत आला. त्यातली बहुतेक वर्षं ते विरोधी बाकांवर होते. म्हणून कोकण उपाशी राहिलं का? दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर फोम आला. १९९० ला कोकण रेल्वेचं महामंडळ झालं तेव्हा दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. आयुष्यभर विरोधात काढलेली माणसं ही. आज चतुर्थीला ज्या गाडीने चाकरमानी गावाक येतो, ती गाडी कुणाच्या पक्षप्रवेशातून आलेली नाही.

निधी म्हणजे कुणाच्या घरचा पैसा नव्हे. मच्छीमाराने भरलेल्या डिझेलवर, तुम्ही घेतलेल्या बिस्किटाच्या पुड्यावर जो कर जातो, तो हा पैसा. "विरोधात असलो की निधी मिळत नाही" असं कुणी सांगतो तेव्हा तो नकळत एक आरोप करत असतो: माझ्या गावचे पैसे कुणीतरी अडवलेत. मग त्याचं नाव का नाही सांगत? उलट त्याच्याच हातून गळ्यात पट्टा घालून घेऊन फोटो का काढता?

माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे "विकासासाठी प्रवेश" अशी प्रेसनोट आली की तीन प्रश्न विचारणार. कुठलं काम अडलं होतं? किती रुपयांचं? कुणी अडवलं? उत्तर आलं तर बातमीत छापीन. नाही आलं, तर उत्तर दिलं नाही, हे छापीन.

तुम्हीही विचारा. मतं तुमची घेतलेली असत.