‘राष्ट्रीय इंजिना’चा उत्तरार्ध

बीड : देशात १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ निकष लागू झाले आणि छोट्या डिझेल मोटारींचे उत्पादन जवळपास थांबले. कारखान्यांतील जुळणी थांबली. रस्त्यावरच्या मोटारी मात्र थांबल्या नाहीत. पहिल्या मालकाने शहरात वापरून विकलेली स्विफ्ट, डिझायर किंवा इंडिका व्हिस्टा मराठवाड्यात दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आजही रोजच्या कामाला आहे. बीड शहरात रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, तीही अहिल्यानगरपर्यंतची. तोवर पुण्याचे इस्पितळ असो की मुलाचे महाविद्यालय, अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास एसटीने किंवा मोटारीनेच करावा लागे. अशा ठिकाणी लिटरमागे वीस किलोमीटरच्या आसपास धावणारे इंजिन ही चैन नव्हती, गरज होती. त्या इंजिनांचे आयुष्य आता उतरणीला लागले आहे आणि त्यांचे दुखणे नेमके काय, हा प्रश्न हजारो कुटुंबांच्या खर्चाशी निगडित आहे.

नारायणगडाचा रस्ता या दृष्टीने बोलका आहे. संत नगद नारायण महाराजांचे हे स्थान ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. मनोज जरांगे पाटील यांचा दसरा मेळावा १२ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे झाला, तेव्हा गडाचे नाव राज्यभर गेले. त्याच दिवशी याच जिल्ह्यात सावरगाव येथे पंकजा मुंडे यांचाही मेळावा होता. अशा गर्दीच्या दिवशी गडाच्या दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकणारी रांग, पुढे चढ, वर धूळ आणि गाडीत पाच-सहा माणसे, ही स्थिती छोट्या टर्बो-डिझेल इंजिनाची खरी परीक्षा पाहणारी असते. महामार्गावर ताशी ऐंशीच्या वेगाने तासन् तास धावताना जे इंजिन कुरकुरत नाही, तेच येथे आपले सगळे दोष उघड करते.

या मोटारींतील सर्वाधिक परिचित इंजिन फियाटचे. इटलीतील फियाटने जनरल मोटर्ससोबतच्या भागीदारीत विकसित केलेले १.३ मल्टिजेट २००३ मध्ये युरोपात आले. क्षमता १,२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि पिस्टनचा फेरा ८२ मिलिमीटर. वजन अवघे १४० किलोच्या आसपास. एकाच सामाईक नळीत डिझेल सुमारे १,६०० बार दाबाने साठवायचे आणि दर फेऱ्यात ते अनेक हप्त्यांत फवारायचे, हे त्याचे तंत्र. त्यामुळे ज्वलन हळुवार होते, आवाज कमी होतो आणि इंधनही वाचते. जुन्या इंडिकाच्या खडखडाटाची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला हे नवल वाटले, यात आश्चर्य नाही.

जानेवारी २००७ मध्ये मारुतीने ते स्विफ्टमध्ये बसवून ‘डीडीआयएस’ या नावाने विकले. टाटांनी २००८ मध्ये इंडिका व्हिस्टात त्याला ‘क्वाड्राजेट’ म्हटले. फियाटच्या लिनिया आणि पुंटोतही तेच होते. पुढे एर्टिगा, सियाझ आणि ब्रेझातही तेच राहिले. टाटा आणि फियाटसाठीची इंजिने रांजणगावच्या संयुक्त कारखान्यात तयार होत. बीडहून पुण्याला जाणारी वाहने ज्या नगर रस्त्याने जातात, त्याच रस्त्यावरचे हे रांजणगाव. कंपन्या वेगळ्या, बिल्ले वेगळे, पण आत इंजिन एकच. म्हणून वाहनविषयक लेखनात त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ हे नाव पडले. साध्या टर्बोचे इंजिन ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क देई. फिरत्या पात्यांच्या टर्बोचे ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर.

या आकड्यांतच पहिली अडचण दडलेली आहे. हा टॉर्क मिळतो तो १,७५० ते २,००० फेऱ्यांच्या पुढे. त्याखाली टर्बो पुरेशी हवा कोंबत नाही आणि हाती उरते ते फक्त सव्वा लिटरचे बारीक इंजिन. भरल्या गाडीने चढावर थांबून पुन्हा निघायचे तर चालक अर्धा क्लच दाबून इंजिन घोंगावत ठेवतो. क्लच जळतो, तो असा. हा दोष इंजिनाचा की चालकाचा, याबद्दल गॅरेजमध्ये वाद होतात. बिल मात्र मालकाच्याच हाती पडते.

टायमिंग चेनचे दुखणे याहून गंभीर आहे. पट्ट्याऐवजी साखळी असल्याने ती ‘आयुष्यभर बदलावी लागत नाही’ असा समज विक्रीच्या वेळीच पसरला. साखळी पट्ट्याहून टिकाऊ असते हे खरे. पण ती ताणून धरणारा टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. या इंजिनात ऑइल मावते जेमतेम तीन लिटर. त्यातले लिटरभर कमी झाले, किंवा दहा हजारांवर बदलायचे ऑइल वीस हजारांपर्यंत ओढले, की दाब घसरतो, टेन्शनर सैलावतो आणि साखळी झिजू लागते. सकाळी थंड इंजिन सुरू करताच काही क्षण समोरून खळखळ ऐकू येते, ती तिची पहिली हाक. तिकडे दुर्लक्ष झाल्यास साखळी दाता सोडते, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ बिघडतो, रॉकर मोडतात आणि इंजिन उघडावे लागते. जुन्या मोटारीच्या किमतीच्या मानाने हा खर्च परवडण्याजोगा राहत नाही. तीन लिटर ऑइलचे इंजिन अशा हलगर्जीपणाला क्षमा करीत नाही, हे विकणाऱ्यांनी स्पष्ट सांगायला हवे होते.

काही दोष कारखान्यातलेही होते. नोव्हेंबर आणि डिसेंबर २०१० दरम्यान बनलेल्या १३ हजारांहून अधिक डिझेल स्विफ्ट, डिझायर व रिट्झ मोटारी मारुतीने २०११ मध्ये कनेक्टिंग रॉडच्या बोल्टच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. मात्र अशी तपासणी करून घेतल्याची नोंद तिसऱ्या मालकापर्यंत क्वचितच पोहोचते.

इंधनाची कथा तर महाराष्ट्राला नवी नाही. सामाईक नळीच्या इंजिनात उच्चदाब पंप आणि नोझल यांना वंगण मिळते ते खुद्द डिझेलमधूनच. त्यात रॉकेल मिसळले की वंगण कमी होते आणि केसाहून बारीक फटीत सरकणारे भाग एकमेकांवर घासू लागतात. जुन्या पद्धतीचा पंप हे बऱ्याच अंशी सोसून घेई. नवा सोसत नाही. स्वस्त रॉकेलच्या काळात भेसळ किती खोलवर गेली होती, हे २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ दिसले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळखोरांनी जिवंत जाळले. एका अधिकाऱ्याच्या बळीपुढे नोझलचा हिशेब मांडणे अप्रस्तुत वाटेल. पण ज्या टाक्यांतून तो धंदा चालला, त्याच टाक्यांतले डिझेल या मोटारींनी जाळले. गंधकाचे प्रमाणही तेव्हा सगळीकडे सारखे नव्हते. पुण्या-मुंबईसह निवडक शहरांत २०१० पासून ५० पीपीएम गंधकाचे बीएस-४ इंधन मिळू लागले. देशभर ते पोहोचायला १ एप्रिल २०१७ उजाडला. मधल्या काळात उर्वरित भागात ३५० पीपीएमचे बीएस-३ डिझेल विकले जात होते.

काजळीचा त्रास ईजीआर व्हॉल्व्हला होतो. जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा हा व्हॉल्व्ह मंद गतीत, रांगेत, लहान फेऱ्यांत भरून येतो. पिकअप पडतो, काळा धूर निघतो. टर्बोच्या हवेची रबरी नळी फुटली तरी लक्षणे हीच, म्हणून महागडे नोझल बदलण्याआधी ती नळी हाताने चाचपून पाहणे शहाणपणाचे. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे आणि संशय टर्बोवर जातो. लांबच्या प्रवासानंतर इंजिन मिनिटभर तसेच चालू ठेवून मग बंद करण्याचा जुन्या चालकांचा प्रघात येथे निरर्थक नाही. तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेवढा वेळ ऑइल मिळते.

हे सगळे असूनही गिऱ्हाईक डिझेलकडे का वळले, याचे उत्तर पंपावर होते. केंद्राने जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर खुले केले, डिझेलचे मात्र १८ ऑक्टोबर २०१४ पर्यंत नाहीत. या चार वर्षांत काही काळ दोन्हींतील तफावत लिटरमागे २५ रुपयांच्या पुढे गेली. शेतकरी आणि मालवाहतुकीसाठी दिलेल्या सवलतीवर मोटार उद्योगाने आपली डिझेल बाजारपेठ उभी केली, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. दर खुले झाल्यावर तफावत आटली. मग बीएस-६ ने डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ ग्रॅमवर आणली. ती गाठायला लागणारी काजळी गाळणारी जाळी आणि धूर शुद्धीकरणाची यंत्रणा पंचवीस लाखांच्या गाडीतही लागते आणि सात लाखांच्या गाडीतही. छोट्या मोटारीला तो बोजा पेलवेना. मारुतीने डिझेल सोडण्याची घोषणा एप्रिल २०१९ मध्येच केली होती.

आता २००७ ते २०१० मधील मोटारींची १५ वर्षांची नोंदणी संपली आहे. पुन्हा पासिंगचे शुल्क एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांवरून पाच हजार झाले, तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारींसाठी ते दहा हजार केले. त्याखेरीज धुराची चाचणी आहेच. बीएस-४ डिझेल मोटारीला ५० हार्ट्रिज एककांची मर्यादा पाळावी लागते आणि भरलेला ईजीआर किंवा थकलेले नोझल तेथेच पितळ उघडे पाडते. पासिंगच्या शुल्काआधी गॅरेजचे बिल, असा हा क्रम आहे. अशी मोटार घेणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो फिरवता येतो. सौदा सकाळी ठरवावा, इंजिन आधी तापवून ठेवलेले नाही याची बोनेटवर हात ठेवून खात्री करावी, ऑइलची पट्टी स्वतः उपसून पाहावी आणि मगच किल्ली फिरवून साखळीचा आवाज ऐकावा.